अकरा पावलं

टोपातला बर्फ कडकन तडकला आणि आम्ही तिघंही दचकलो.

तोवर घरात कोणी बोलत नव्हतं. नवऱ्याने उजवा हात मनगटापर्यंत गार पाण्यात बुडवून ठेवला होता. सासूबाई खिडकीशी बसून नातीच्या शाळेच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवत होत्या. मी जेवणाच्या टेबलावर एक कोरा कागद समोर घेऊन पेनाचं टोपण चावत होते. धाकटा नुकताच झोपला होता. त्याची दुपारची झोप म्हणजे मांजराची झोप, जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात मला लिहून मोकळं व्हायचं होतं.

कागद मालकाने दिला होता. म्हणजे ज्या काचेच्या कारखान्यात नवरा नऊ वर्षं काम करतोय, त्याच्या मालकाने. "उद्या पाचच्या आत लेखी आणून दे," एवढंच नाही, काय लिहायचं तेही त्याने सांगून टाकलं होतं. रागाच्या भरात भान सुटलं, हात उचलला गेला, माफी असावी. खाली सही. तेवढं केलं की सोमवारपासून कामावर. नाही केलं तर नऊ वर्षं गेली पाण्यात.

"लिही ना गं," सासूबाई म्हणाल्या. "भान सुटलं, हे दोन शब्द. त्याला काय एवढा मुहूर्त लागतो?"

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. "काल दुपारी सहकाऱ्याशी बोलाचाली होऊन रागाच्या भरात माझं भान सुटलं..."

"खोटं आहे," नवरा पाण्याकडे बघत म्हणाला.

"सगळेच असं लिहितात."

"लिहू देत. माझं भान सुटलं नव्हतं."

"बघ!" सासूबाईंनी सुई फ्रॉकमध्ये खोचून ठेवली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मारायचं ते मारलंस, वर आता अक्कल शाबूत होती म्हणून सही करणार!"

"होती तर होती."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. कारण आदल्या रात्री, दार लावून घेऊन, त्याने मला झालं ते सगळं सांगितलं होतं. आणि त्यात खरंच भान सुटल्याची एकही जागा नव्हती. मी शोधली होती.

काचेच्या कामात एक नियम असतो. दुकानाच्या दर्शनी भागाला लावतात तसली मोठी काच दोघांनी मिळून न्यायची, एकाने पुढे, एकाने मागे. एकदा का ती उचलली की चारच शब्द बोलायचे: उचल, वळ, पायरी, टेक. पाचवा शब्द नाही. शिंक आली तरी गिळायची म्हणे. कारखान्याच्या भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलंय, "हातात काच, तोंडाला कुलूप." ते मालकाने स्वतः रंगवून घेतलं. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन तरुणपणी गेली, समोरचा माणूस काच नेताना काहीतरी विनोद सांगत होता म्हणून.

तर चार वर्षं माझ्या नवऱ्याच्या काचेचं दुसरं टोक एकच माणूस धरतो. त्याला सगळे शिट्ट्या म्हणतात, कारण काच हातात नसली की तो अखंड शिट्टी वाजवत असतो. कामाला चोख. पण आमच्या रंगाचं माणूस दिसलं की त्याच्या जिभेला खाज सुटते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आधी नवऱ्याचा डबा हुंगून दाखवायचा, मग हात धुतले का विचारायचा, मग "अंधारात दात दाखव, म्हणजे दिसशील तरी." नवरा तीनदा मालकाकडे गेला. तिन्ही वेळा मालक म्हणाला, "तो तसाच आहे रे. मनावर घेऊ नकोस."

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. बाप डबा विसरून गेला, तो द्यायला मी मोठीला घेऊन कारखान्यात गेले होते. सहा वर्षांची आहे. तिथे एक भलीमोठी काच नुकतीच पुसून उभी केली होती, आणि तिला पलीकडचे बाबा दिसले म्हणून तिने अलीकडून काचेवर हात टेकवला. हाताचा ठसा उमटला. मी पदराने पुसायला गेले तर शिट्ट्या म्हणाला, "राहू दे, राहू दे." गोड बोलला. मला बरं वाटलं होतं, हे आता सांगायलासुद्धा लाज वाटते.

शुक्रवारी तीच काच उचलून दोघं मागच्या अंगणातल्या गाडीकडे निघाले. मध्ये काच टेकवायला लोकरीचा जाड नमदा ठोकलेला एक लाकडी घोडा असतो, तिथपर्यंत न्यायची होती. आणि निम्म्या वाटेवर शिट्ट्या बोलला. हळूच, काचेच्या आरपार बघत. "तुझ्या माकडाच्या पिल्लाचा पंजा दोनदा स्पिरिटने पुसला, तरी वास जाईना. फडकं जाळून टाकलं शेवटी."

तिथून घोड्यापर्यंत अकरा पावलं होती. नवऱ्याने मोजली.

अकरा पावलं तो चालला. सहाव्या पावलाला उंबऱ्याची पायरी आली तेव्हा त्याने "पायरी" म्हणून शिट्ट्याला सावधही केलं. घोड्याशी आल्यावर "टेक" म्हणाला. काच टेकवली, हलत नाही ना ते बघितलं, हातमोजे काढून खिळ्याला अडकवले आणि मग एकच ठेवून दिली. शिट्ट्याचा ओठ फाटला, एक दात हलला. नवऱ्याचा हात सुजला.

"आता यात भान कुठे सुटलं, सांग मला," नवरा म्हणाला.

"मग माझंही एक सांग," मी म्हणाले. काल विचारायचं राहून गेलं होतं, कारण काल मी नुसती ऐकत होते आणि आतून, खरं सांगते, मला गारगार वाटत होतं. "रागात माणूस आंधळा होतो, मारतो, ते एक वेळ समजू शकते. पण तुझ्याकडे अकरा पावलं होती. अकरा पावलांत 'नाही मारायचं' असंही ठरवता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

त्याने हात पाण्यातून काढला आणि पंच्याला टिपला. बोटांचे सांधे दिसत नव्हते, एवढी सूज. "पहिल्या पावलाला वाटलं, सोडून द्यावी. माझं टोक. त्याच्या गुडघ्यावर आली असती. त्याला ठाऊक होतं की मी सोडणार नाही, म्हणून तर तिथे बोलला. माझे हात अडकलेले असताना." तो थांबला. "दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला वाटलं, मालकाकडे जावं. चौथ्याला आठवलं, तीनदा गेलो होतो. मग पायरी आली."

"आणि पायरीनंतर?"

"पायरीनंतर ती दिसत होती. काचेवर हात ठेवून हसताना."

सासूबाई पुन्हा शिवायला लागल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी एकवीस वर्षं लोकांच्या इमारतींचे जिने पुसले. काय काय म्हणायचे! मी कधी मान वर केली? शब्दाने काय अंगाला भोक पडतं?"

"मग तो दगड कशाला गं होता, आई?" नवरा म्हणाला.

"कुठला दगड?"

"अंग घासायचा. मोरीत. हात सोलवटेपर्यंत घासायचीस. मी दाराच्या फटीतून बघायचो."

सुई थांबली. "ते... ते काळं जाईल असं वाटायचं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "वेडी होते. तुझ्या बापाने एक दिवस फेकला तो दगड, तर त्याच्यावरही चिडले. नवा आणला."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. पण तोंड दाबणारा हातही आपलाच असतो, हे मला त्या दुपारी कळलं.

"तरी मारणं बरोबर नव्हतं," मी म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवं होतं. "मी पोरीला रोज सांगते, हात उचलायचा नाही. उद्या तिला काय सांगू? बाबांनी उचलला तो चांगला हात होता?"

"बरोबर होतं असं मी कुठे म्हणतोय? घरी बसवलं तर बसेन. पण भान सुटलं म्हटलं की काय होतं बघ. त्याचं बोलणं बाजूलाच राहतं आणि मी होतो पिसाळलेला. म्हणजे तो जे म्हणाला, तेच. जनावर."

मी तो कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सूनबाई, डोक्यात राख घालून घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "त्याची नोकरी आहे."

"आई, राख नाही. डोकं एकदम थंड आहे," मी म्हणाले. आणि ते खरंच थंड होतं. पेन आपोआप चालत होतं. सगळं लिहिलं. तीन तक्रारी. काच. तो कुठे बोलला आणि काय बोलला. ते शब्द लिहिताना मात्र दोनदा थांबले. आपल्याच लेकीबद्दलचं ते आपल्याच अक्षरात उतरवायचं म्हणजे ताप. मग अकरा पावलं, पायरी, टेक, हातमोजे. शेवटी लिहिलं: "मी भानावर होतो. मारलं ते मी मारलं. त्याची शिक्षा मला मान्य आहे. पण ते वेड होतं, असं मी लिहून देणार नाही."

नवऱ्याने सगळं पुटपुटत वाचलं आणि डाव्या हाताने सही केली. सही कोंबडीच्या पायांसारखी आली.

"कागदावर कोंबडी नाचली," टेबलाखालून आवाज आला.

आम्ही तिघंही पुन्हा दचकलो. मोठी टेबलाखाली रंगपेट्या घेऊन बसली होती. ते तिचं घर. पाऊण तास तिथेच होती, आणि आम्हाला एकालाही तिची आठवण राहिली नव्हती. तेवढ्यात धाकटाही उठला, रडायला लागला, आणि कोणी काय ऐकलं हे विचारायचं राहून गेलं.

कागद घेऊन मीच निघाले. नवऱ्याला पाठवलं असतं तर शिट्ट्यासमोर पुन्हा काय झालं असतं कोण जाणे. मोठी हट्टाने बरोबर आली.

मालकाने उभ्यानेच वाचायला घेतलं. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.

"वहिनी, मी हे मागितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"अहो, मी पळवाट काढून दिली होती. 'भान सुटलं' लिहा, मी फाइलला लावतो, विषय संपला. आणि इथे तुम्ही स्वतःच लिहिताय की हातमोजे काढून मारलं! म्हणजे ठरवून मारलं."

"काढले नसते तर त्याच्या तोंडाची चाळण झाली असती. मोज्यांना काचेची कणी असते, हे तुम्हाला मी सांगायचं?"

मालक पुढे वाचायला लागला. मग एका ओळीवर त्याचा अंगठा थांबला. त्याने मान वळवून अंगणाच्या दाराकडे बघितलं, त्या पायरीकडे.

"काच हातात होती?"

"दोघांच्याही."

त्याने हाक मारली. शिट्ट्या आला. ओठ टम्म सुजून जांभळा झाला होता, आणि सवयीने तो शिट्टी वाजवायला बघत होता, पण नुसती फुस्स हवा येत होती. दुसरा कुठला दिवस असता तर मला हसू आवरलं नसतं. माझ्याशेजारी पोरीला बघून त्याने नजर फिरवली.

"काल काच घोड्यावर टेकेपर्यंत तो तुला काही बोलला?" मालकाने विचारलं.

"नाही."

"एक अक्षर नाही?"

"'पायरी' म्हणाला. मग 'टेक'."

"आणि तू काय म्हणालास?"

शिट्ट्याने खांदे उडवले. "काय नाय हो. असंच. गंमत केली. ह्या लोकांना गंमत पण कळत नाय."

"गंमत," मालक म्हणाला. त्याने डावा हात वर केला आणि ती तीन बोटं शिट्ट्याच्या नाकासमोर धरली. "काच हातात असताना गंमत."

शिट्ट्याचा चेहरा उतरला. काय कबूल करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

"सोमवारपासून तू काचेला हात लावायचा नाहीस. झाडू घ्यायचा. जा." मग माझ्याकडे वळून, "त्याला आठवडाभर घरी बसू दे. मारलं ते मारलं, तेवढं मला करावंच लागेल. पुढच्या सोमवारी ये म्हणावं. दुसऱ्या टोकाला मी माणूस बघतो."

नोकरी वाचली होती. मी तिथेच आभार मानून निघायला हवं होतं. शहाणी बाई निघाली असती.

"आणि तो शब्द?" मी विचारलं.

"कुठला?"

"काच नसती आणि तो तेच बोलला असता, तर?"

मालकाने कपाळावरचा चष्मा काढून पुसायला घेतला.

"कागदावर आहे. वाचा ना. मोठ्याने वाचा, त्यालाही ऐकू जाऊ दे."

मालकाने कागदाकडे बघितलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग त्याने पोरीकडे बघितलं. "लेकरासमोर कशाला, वहिनी."

"लेकराबद्दलच आहे."

त्याच्याने वाचवलं नाही. चार वर्षांत तीनदा जो म्हणाला होता मनावर घेऊ नकोस, त्याला स्वतःला ती एक ओळ तोंडातून काढता येईना. मला तेवढं पुरलं नाही, पण काहीतरी मिळालं.

"हा कागद फाइलला लावाल?"

"लावतो."

"शब्दांसकट?"

"शब्दांसकट," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर भोकं पाडून लावला.

परत येताना मी ताठ चालत होते. ऊन उतरलं होतं, रस्त्यावरची दुकानं उघडी होती, आणि प्रत्येक दुकानाच्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, एक मोठी सावळी बाई आणि एक छोटी. शिट्ट्याला शिक्षा झाली ती काचेपायी, शब्दापायी नाही, हे मला कळत होतं. पण नवऱ्याला वेडा न ठरवता मी त्याची नोकरी घेऊन घरी चालले होते. त्याच्या हाताला मी टाळ्या वाजवणार नव्हते. त्या हाताची लाजही बाळगणार नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अंगात मावतात, हे मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि चांगलं वाटत होतं. घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. सासूबाईंना आधी सांगायचं, त्यांचा जीव टांगणीला लागला असेल.

मोठी माझं बोट धरून फरशा मोजत चालली होती. नऊ, दहा, अकरा. अकराव्या फरशीवर ती थांबली.

"आई, बाबांच्या हातात काच होती म्हणून ते थांबले ना?"

"हो."

"आमच्या वर्गातली ती मागच्या बाकावरची आहे ना, ती पण मला तेच म्हणते. पिल्लू. बाही तिनेच ओढली. मी खेळताना फाटली म्हणाले ना, ते खोटं होतं."

मी खाली बसले, तिच्या उंचीला. "बाईंना सांगितलंस?"

तिने तीन बोटं वर केली. मग आपले दोन्ही रिकामे तळवे माझ्यासमोर उघडून दाखवले.

"पण आई, माझ्या हातात तर काही नसतं. मग मी किती पावलं थांबायचं?"